एमटीयू आणि राउटिंग टेबल तपासणी

स्पीड टेस्टला आकडे झकास येतात, पण ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा खाजगी बोगदा) जोडलं की लॉगिन होतं आणि पुढचं पान गोल गोल फिरत बसतं, हिंजवडीचा ट्रॅफिक चुकवून कोथरूडात घरून काम करणाऱ्यांना हे दुखणं नवीन नाही. राउटर बंद-चालू करत बसण्याआधी दोन गोष्टी बघायच्या, पॅकेट (डेटाचा एक गठ्ठा) कुठल्या रस्त्याने चाललंय आणि त्या रस्त्यात केवढं पॅकेट मावतं.

रस्ता राउटिंग टेबलात दिसतो. विंडोजवर 'राउट प्रिंट', लिनक्सवर 'आयपी राउट'. पत्त्याशी सगळ्यात जास्त जुळणारी ओळ जिंकते, काहीच जुळलं नाही तर डिफॉल्ट रूट. गुरुवारी लाइट गेली म्हणून हॉटस्पॉट लावला आणि लाइट आल्यावर केबलही जोडली की डिफॉल्ट रूट दोन होतात, मग ज्याचं मेट्रिक (रस्त्याला लावलेली किंमत) कमी त्याचं चालतं.

एमटीयू म्हणजे एका पॅकेटची कमाल साइज. इथरनेटवर 1500 बाइट, त्यातले 8 पीपीपीओई (ब्रॉडबँडला लॉगिन करून जोडण्याची पद्धत) खाते, उरले 1492, व्हीपीएन आणखी कापतं, वायरगार्ड या व्हीपीएनचा नेहमीचा आकडा 1420. पेठेतल्या बोळात टेम्पो शिरत नाही, तोंडाशीच माल उतरवून हातगाडीने आत न्यावा लागतो, आयपीव्ही4 (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत) चा राउटर तसेच पॅकेटचे तुकडे करू शकतो. पण हल्ली बहुतेक पॅकेटांवर 'तुकडे करू नका' अशी खूण असते, मग राउटर पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपीने (नेटवर्कच्या निरोपांचा प्रोटोकॉल) कळवतो की लहान पाठव. ही युक्ती 1990 च्या आरएफसी 1191 या इंटरनेटच्या दस्तऐवजातली. खरी गोची अशी की काही फायरवॉलवाले सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट बंद करतात, निरोप पोचतच नाही, त्यामुळे छोटी पॅकेटं सुखरूप जातात आणि मोठी गुपचूप गायब. आयपीव्ही6 या नव्या पद्धतीत तर मधला राउटर तुकडे करतच नाही, मात्र 1280 पर्यंतचं पॅकेट प्रत्येक लिंकवरून गेलंच पाहिजे.

तपासायला व्हीपीएन जोडून ऑफिसच्या सर्व्हरला तुकडे न करण्याचा ऑप्शन देऊन 1472 बाइटचं पिंग (पोचलं का हे विचारणारं पॅकेट) मारायचं, अडलं तर आकडा उतरवत न्यायचा. गेलेल्या आकड्यात हेडरचे 28 मिळवले की एमटीयू, म्हणजे व्हीपीएन नसताना नुसत्या पीपीपीओईवर 1464 जायला हवं. मग व्हीपीएन इंटरफेसचा एमटीयू तेवढा ठेवायचा किंवा राउटरवर एमएसएस क्लॅम्पिंग (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल साइज जोडणी होतानाच कमी करून ठेवणं) लावायचं, ते फक्त टीसीपीला लागू पडतं.

डोळे झाकून 1400 टाकणारे बरेच आहेत, चालूनही जातं म्हणा. पण टेबलात ऑफिसच्या सर्व्हरची ओळ व्हीपीएनकडे नसेल तर पिंग घरच्या लाइनचाच एमटीयू मोजतं आणि 1464 गेलं बघून माणूस भलतीकडेच खोदत बसतो.