तपासणीत पास, उड्डाणात नापास

१९६५ ते १९७१ या काळात अमेरिकन टीव्हीवर 'होगन्स हीरोज' नावाची विनोदी मालिका चालली. जर्मनांच्या ताब्यातली युद्धकैद्यांची छावणी, बावळट छावणीप्रमुख, आणि त्याच्या नाकाखाली शत्रूची नवनवी शस्त्रं निकामी करणारे कैदी. तिथल्या घातपाताची रीत ठरलेली: एक तार इकडची तिकडे जोडायची, आणि थोड्याच वेळात बड्या अधिकाऱ्यांसमोर स्फोट. या मालिकेत फ्रेंच कैद्याचं काम करणारा रॉबर्ट क्लेरी मात्र खराखुरा बुखेनवाल्डच्या छळछावणीतून ११ एप्रिल १९४५ रोजी सुटलेला माणूस होता. आणि दुसऱ्या महायुद्धातलं एक अतिशय गुंतागुंतीचं शस्त्र, जर्मनीचं व्ही-२ रॉकेट, बुखेनवाल्डचीच उपछावणी म्हणून सुरू झालेल्या 'डोरा'मधल्या कैद्यांच्या हातून घडत होतं.

डोळ्यांदेखत फुटणारं यंत्र त्या कैद्यांना परवडणारं नव्हतं. तसं झालं की संशय थेट त्या टेबलावर काम करणाऱ्यावर, आणि पुढे फास. त्यामुळे खऱ्या घातपाताला नेमका उलटा गुण लागतो. वस्तू आज चांगली दिसली पाहिजे, तपासनिसाच्या हातून पास झाली पाहिजे, आणि बिघडली पाहिजे ती शेकडो किलोमीटर दूर, जिथे पुरावाही शिल्लक राहणार नाही. व्ही-२ची रचनाच अशी होती की असा बिघाड तिच्यात अगदी सहज लपे.

आधी जागा पाहू. ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी पेनेम्युंडेच्या रॉकेट केंद्रावर बॉम्ब टाकले. त्यानंतर उत्पादन थुरिंगिया प्रांतात, नॉर्डहाउझेनजवळच्या कोनस्टाइन डोंगरात हलवलं गेलं. डोंगराच्या आरपार जाणारे दोन समांतर बोगदे, आणि शिडीच्या पायऱ्यांसारखे त्यांना जोडणारे ४६ आडवे बोगदे. सुरुवातीचे महिने डोराचे कैदी त्याच आडव्या बोगद्यांमध्ये चार मजली फळ्यांवर झोपत. सुरुंगाची धूळ, ओल, आणि शौचाला कापलेली पिंपं. डोरा आणि तिच्या उपछावण्यांमधून सुमारे ६०,००० माणसं गेली. त्यांतली किमान २०,००० जगली नाहीत.

त्यांत सोव्हिएत सैनिक होते, इटालियन सैनिक होते, फ्रेंच आणि पोलिश प्रतिकार चळवळीतले लोक होते. १९२९च्या जिनिव्हा कराराच्या ३१व्या कलमानुसार युद्धकैद्यांकडून शस्त्रं बनवून घ्यायला स्पष्ट मनाई होती. सोव्हिएत संघानं त्या करारावर सही केलेली नाही, ही सबब त्या सैनिकांबाबत पुढे केली गेली. आणि इटालियन सैनिकांना 'युद्धकैदी' न म्हणता 'लष्करी स्थानबद्ध' असं नवं नाव देऊन कराराबाहेर ढकललं. घातपात हा या माणसांच्या हातात उरलेला एकमेव प्रतिकार होता.

आता रॉकेट. उंची सुमारे १४ मीटर, भरल्यावर वजन साडेबारा टनांच्या पुढे, टोकावर एक टनाचा स्फोटक भाग. वरच्या टाकीत पाणी मिसळलेलं ७५ टक्क्यांचं अल्कोहोल, खालच्या टाकीत उणे १८३ अंश सेल्सिअसचा द्रव ऑक्सिजन. एका रॉकेटच्या अल्कोहोलसाठी सुमारे ३० टन बटाटे लागत, आणि ते रॉकेट जोडणारी माणसं भुकेनं मरत होती. दोन्ही द्रव ज्वलनकक्षात ढकलायला टर्बाइनवर चालणारा पंप होता. हायड्रोजन पेरॉक्साइडवर परमँगनेटचं द्रावण सोडलं की जी तप्त वाफ निघते, तिच्यावर ही टर्बाइन मिनिटाला जवळपास ४,००० फेरे घेई आणि दर सेकंदाला सुमारे १२५ किलो द्रव पुढे रेटी. इंजिन चालायचं जेमतेम ६५ सेकंद. त्या वेळात रॉकेटची दिशा राखायला दोन गायरोस्कोप, आणि ज्वाळेतच बसवलेल्या ग्रॅफाइटच्या चार पट्ट्या.

वेग ठरलेल्या आकड्यावर पोचला की इंजिन बंद व्हायला हवं. जमिनीवरून फेकलेल्या वस्तूचा पल्ला साधारण वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. म्हणून सेकंदाला दीड किलोमीटरच्या वेगात फक्त एक मीटरची चूक झाली, तर ३२० किलोमीटरवरचा मारा ४०० मीटरनं हुकतो.

या सगळ्यात मुख्य मुद्दा असा की हे सुटे भाग साखळीसारखे एकामागे एक जोडलेले आहेत. कुठलाही एक बिघडला की सगळं संपलं. अशा यंत्राची भरवशाची टक्केवारी काढायला प्रत्येक भागाची टक्केवारी एकमेकींशी गुणावी लागते. १०० भाग, प्रत्येक ९९ टक्के खात्रीचा, तर अख्खं यंत्र चालण्याची शक्यता ९९ टक्के नव्हे, फक्त ३७ टक्के. व्ही-१ या उडत्या बॉम्बचा आरेखनकार रॉबर्ट लुसर याचं नाव या गुणाकाराच्या नियमाला मिळालं. आता समजा, शंभरांतले फक्त पाच भाग कोणी मुद्दाम कच्चे ठेवले, इतकेच की ते पाचांतून चार वेळा चालतील. शक्यता ३७ वरून १३ टक्क्यांच्या खाली उतरते. पाचांतला प्रत्येक भाग तपासणीच्या टेबलावर बहुतेक वेळा पास होणारच. कैद्याला रॉकेट मोडायची गरजच नव्हती. गुणाकारातले काही आकडे किंचित कमी केले की पुरे.

हे प्रत्यक्षात कसं, ते एका डाखापाशी थांबून पाहू. तारेचं टोक पट्टीवर जोडायला कथिल आणि शिशाचा डाख देतात. हा मिश्रधातू नेमका १८३ अंशांना वितळतो (द्रव ऑक्सिजनचा आकडा तोच, फक्त शून्याच्या खाली). पण डाख वितळणं पुरेसं नाही. तार आणि पट्टी दोन्ही तेवढ्याच तापल्या पाहिजेत आणि स्वच्छ असल्या पाहिजेत, तरच वितळलेला डाख त्यांच्यावर पसरून धातूला धरतो. डाख द्यायची तापलेली सळई तारेला न लावता नुसती डाखाला लावली, तर वितळलेला थेंब गार तारेवर नुसता बसतो. वरून पाहिलं तर टपोरा थेंब. मळका आणि जरा निस्तेज, पण बोगद्यातल्या उजेडात ते कोण बघणार? तारेच्या वाटेत छोटा दिवा जोडून तपासलं तर वीज वाहते, कारण धातूला धातू टेकलेला आहे. रॉकेट उडालं, इंजिनाचा हादरा सुरू झाला, की थेंब आणि तार यांच्यात केसाएवढी फट पडते, मिटते, पुन्हा पडते. गायरोकडून येणारा संदेश एवढ्यानंच तुटतो आणि रॉकेट आडवं होतं.

टाक्यांच्या वेल्डिंगची गोष्ट याहून चकवणारी. टाक्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावर हवेत आपोआप धरणारा ऑक्साइडचा पापुद्रा वितळायला २,००० अंशांहून जास्त लागतात. तो पापुद्रा घासून आणि फ्लक्सनं (ऑक्साइड विरघळवणाऱ्या रसायनानं) काढला नाही, तर वरचा धातू वितळून गुळगुळीत रेघ उठते आणि आत दोन्ही पत्रे पापुद्र्यानं वेगळेच राहतात. हवेच्या दाबाच्या चाचणीत आरपार भोक सापडेल. अर्धवट धरलेला सांधा तेवढा दाब सोसून जातो. मग डागण्याच्या जागी द्रव ऑक्सिजन भरला जातो. उणे १८३ अंशांना तीन मीटरची टाकी सुमारे एक सेंटीमीटरनं आखडते. हा ताण कच्च्या सांध्यावर येतो आणि त्याच्यावर पुढे हादरा.

सुटून आलेल्या लोकांनी सांगितलेल्या युक्त्या याच जातीच्या आहेत: कच्चं वेल्डिंग, पाना अर्ध्यावर थांबवून सैल ठेवलेले बोल्ट, वगळलेला एखादा लहान भाग, आणि विजेच्या जोडण्यांवर केलेली लघवी. ही शेवटची युक्ती किळसवाणी वाटेल, पण रसायनशास्त्राच्या बाजूनं ती पक्की आहे. पाणी सुकतं, मीठ मागे राहतं. बोगद्यात बारा महिने थंड ओलसर हवा. मीठ ती ओल ओढून घेतं, दोन संपर्कांमध्ये वीज वाहू देणारा थर तयार होतो, आणि तांब्यावर हिरवट गंज चढतो. रिले (विजेनं उघडझाप करणारा स्विच) आज चालतो आणि महिन्याभरानं अडकतो.

कारखान्यात तपासणी नव्हती असं नाही. इंजिनं लेहेस्टेनच्या पाटीदगडाच्या खाणीत प्रत्यक्ष पेटवून पाहिली जात. ४१ क्रमांकाचा आडवा बोगदा मुद्दाम खोल आणि उंच कोरला होता; तिथे पूर्ण रॉकेट उभं करून विजेच्या सगळ्या जोडण्या तपासत. पण पूर्ण रॉकेटची ही तपासणी न पेटवता, स्थिर उभं असताना. द्रव ऑक्सिजनची थंडी, हादरा आणि वेग हे तिन्ही एकत्र येतात ते फक्त उड्डाणात, आणि उडालेलं रॉकेट परत येत नाही.

घातपाताला याहूनही मोठं पांघरूण मिळालं ते खुद्द रॉकेटच्या कच्चेपणाचं. १९४४ मध्ये पोलंडमधल्या ब्लिझ्ना इथल्या चाचण्यांत कितीतरी रॉकेटं पुन्हा दाट हवेत शिरताना लक्ष्यावरच्या आकाशात तुटून पडत होती. वातावरणाच्या घर्षणानं तापलेला पातळ पोलादी पत्रा आणि हवेचा दाब, हे त्यामागचं कारण. अभियंत्यांनी पुढच्या भागाचं आवरण पत्र्यानं मजबूत केलं, तेव्हा प्रमाण घटलं, पण प्रश्न संपला नाही. शिवाय साठवणीत रॉकेटं ओलीनं खराब होत. त्यावर उपाय म्हणून बोगद्यातून निघालेलं रॉकेट थोड्याच दिवसांत डागायची पद्धत सुरू झाली, तिला नाव पडलं 'गरम पाव'. यानं गंजाला मिळणारा वेळ कापला. कच्च्या डाखाला आणि कच्च्या सांध्याला मात्र वेळ लागतच नव्हता, त्यांना हादराच पुरे होता.

आणखी एक गोष्ट. बारा-बारा तासांच्या पाळीत उपाशी, आजारी माणूस चुकून जे करतो आणि शहाणा वेल्डर ठरवून जे करतो, त्या दोन्हींतून निघणारा सांधा सूक्ष्मदर्शकाखालीही सारखाच दिसतो. छावणी चालवणाऱ्या एसएसवाल्यांना (नाझींच्या सशस्त्र दलाला) हे कळत होतं, म्हणूनच त्यांनी फरक करणं सोडून दिलं. बुटाला तळ लावायला चामड्याचा टाकाऊ तुकडा उचलला, तरी तो घातपात. मार्च १९४५ मध्ये बोगद्यातल्याच क्रेनला दोर बांधून कैद्यांना सामूहिक फाशी दिली गेली, ओरडू नये म्हणून तोंडात लाकूड कोंबून, आणि बाकीच्यांना ती देहांची रांग ओलांडून कामावर जायला लावलं. घातपाताच्या आरोपावरून मारल्या गेलेल्यांची संख्या २०० हून जास्त सांगितली जाते. त्यांतल्या प्रत्येकानं काही बिघडवलं होतं, असं मुळीच धरून चालू नये.

तरीही महिन्याला ६०० हून जास्त रॉकेटं त्या डोंगरातून बाहेर पडत राहिली, हेही तितकंच खरं. ८ सप्टेंबर १९४४ पासून ३,००० हून अधिक डागली गेली. १६ डिसेंबरला अँटवर्पच्या एका चित्रपटगृहावर पडलेल्या एकाच रॉकेटनं ५६७ माणसं मारली. जी चालली, ती अशी चालली. म्हणून न चाललेल्या एकेका रॉकेटची किंमत मोठी आहे.

११ एप्रिल १९४५ रोजी, क्लेरी सुटला त्याच दिवशी, अमेरिकन सैन्य कोनस्टाइनला पोचलं. जोडणीच्या रांगेत अर्धवट रॉकेटं तशीच उभी होती. सुमारे शंभर रॉकेटांचं सामान न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सला नेलं गेलं. तिथे १९४६ पासून अभियंत्यांनी प्रत्येक भाग उघडून, धुऊन, तपासून पुन्हा जोडला. तरी साधारण तिनांतलं एक उड्डाण फसायचं. २९ मे १९४७ रोजी फेरफार केलेलं एक व्ही-२ गायरोच्या बिघाडामुळे उत्तरेऐवजी दक्षिणेला वळलं आणि सरहद्द ओलांडून मेक्सिकोतल्या हुआरेझ शहराच्या बाहेर पडलं.