व्हीआर तास मैदानात नको, वर्गखोलीतच घ्या : शाळांसाठी माहितीपत्रक

व्हीआरवरचा, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी दृश्य बघण्याचा, स्ट्रीट आर्टचा (रस्त्यावरच्या भित्तिचित्रांचा) तास ठरला की जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठूनही एक फोन हमखास येतो : 'मैदानात मंडप टाकून ठेवतो, सगळ्या मुलांना एकदम बघता येईल.' उत्साह कळतो, पण मैदान, पत्र्याची शेड आणि उघडा व्हरांडा या तिन्ही ठिकाणी आम्ही हेडसेट पेटीबाहेर काढत नाही. काही शाळांना हा हट्ट वाटतो. त्यामागचं कारण असं.

हेडसेटच्या आत डोळ्यांसमोर दोन भिंगं असतात. भिंगाने कागद जाळण्याचा प्रयोग तुमच्या मुलांनी केलेला आहे. इथेही तेच घडतं : ऊन भिंगावर पडलं की मागच्या स्क्रीनवर एका ठिपक्यात एकवटतं आणि तिथे कायमचा डाग पडतो. त्याला काही क्षण पुरतात. हेडसेट डोक्यावर असताना हे सहसा होत नाही. मूल तो काढतं आणि भिंगं वर करून खिडकीजवळच्या बाकावर ठेवतं, तेव्हा होतं. म्हणून तास संपल्यावर हेडसेट मुलाने स्वतः काढायचा नाही, आमचा माणूस काढतो.

दुसरी अडचण वेळेची. हेडसेटचे बाहेरचे कॅमेरे खोलीचे कोपरे, कडा, भिंतीवरचे तक्ते बघून स्वतःची जागा ओळखतात. भर उन्हात त्यांना काही धड दिसत नाही आणि मंडपाचं कापड वाऱ्याने हललं की डोळ्यांसमोरचं चित्र घसरतं, मुलाला गरगरतं. मग सुरक्षित जागेची रेषा, म्हणजे मुलाने किती जागेत हलायचं याची हेडसेटमधली हद्द, पुन्हा आखावी लागते. एका हेडसेटला दोन-तीन मिनिटं धरली, तरी 12 हेडसेटचा अर्धा तास तिथेच जातो. त्यात मार्चनंतरचं आपलं ऊन. हेडसेट स्वतःही तापतो आणि जास्त तापला की बंद पडतो. उन्हाळ्यात म्हणूनच आम्ही सकाळचीच वेळ देतो.

खोली तळमजल्यावरची निवडा, वरच्या मजल्याचा स्लॅब तापतो. ऊन येणाऱ्या खिडक्यांना वर्तमानपत्र चिकटवा, पण अंधार करू नका. ट्यूबलाइट चालू हवी, कॅमेऱ्यांना उजेड लागतोच. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर चार-पाच तक्ते लावा, काचेच्या कपाटावर चादर टाका. बाक बाहेर काढून 12 खुर्च्या मांडा, प्रत्येकीभोवती पाच फूट मोकळे. बाकावर बसवलं तर हात शेजाऱ्याला लागतात. इंटरनेट लागत नाही, सगळं आधीच भरलेलं असतं.

48 मुलांच्या वर्गाला चार गट पडतात. गटामागे 15 मिनिटं : पाच बसवण्यात, सात बघण्यात, तीन पुसण्यात. म्हणजे एक तास. सलग दोन तासिका मोकळ्या ठेवा, एका तासिकेत उरकायला सांगू नका. बाकीच्या गटांनी तोवर शाळेची एखादी भिंत टेपने मोजावी. आम्ही सोबत आणतो तो चौकटींचा कागद त्यासाठीच आहे : एक इंच म्हणजे एक फूट.

मोजणी का, तर भित्तिचित्राचा आकार पुस्तकातल्या फोटोत कळत नाही. दिल्लीतल्या जुन्या पोलीस मुख्यालयावर 2014 मध्ये रंगवलेलं गांधीजींचं चित्र सुमारे दीडशे फूट उंच आहे. दुमजली शाळा 25 फुटांची धरली, तर एकावर एक सहा शाळा. व्हीआरमध्ये ते बघायला मान मागे टाकावी लागते आणि ते उमजण्याचा क्षण मुलांच्या चेहऱ्यावर दिसतो. दिल्लीच्याच लोधी कॉलनीत भिंतीच्या कमानी चित्रकारांनी चित्रात कशा सामावून घेतल्या, तेही तिथे उभं राहिल्यासारखं कळतं. बर्लिनच्या भिंतीवरची ईस्ट साइड गॅलरी 1990 ची, 1.3 किलोमीटर लांब. ऊन-पावसाने चित्रं खराब झाली आणि 2009 मध्ये बरीच पुन्हा रंगवावी लागली. अजिंठ्याची सहल झालेल्या मुलांना इथे विचारा : लेण्यातलं चित्र इतकी शतकं का टिकलं आणि रस्त्यावरचं वीस वर्षांत का गेलं?

दहा वर्षांखालील मुलांना आम्ही हेडसेट देत नाही. फिट येणाऱ्या, चक्कर येणाऱ्या, डोळे आलेल्या मुलांची नावं आधी कळवा. चष्मा चालतो, मात्र फ्रेम फार रुंद नको. डोक्याला तेल असेल तरी हरकत नाही, रबरी गादी दर मुलामागे पुसली जाते. भिंगाला मात्र सॅनिटायझर किंवा ओला रुमाल लावू देऊ नका, लेप निघतो. ते काम आमच्या कोरड्या कापडाचं.

तासानंतर मुलं भिंत रंगवायला मागतात. मागू द्या, पण भिंत शाळेची असावी. सार्वजनिक ठिकाणी विनापरवानगी रंगवणं 1995 च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे, आणि हा फरक समजावणं धड्याचाच भाग आहे. चुना मारलेल्या किंवा लोणा लागलेल्या भिंतीवर रंग थेट देऊ नका, पोपडे निघतात. आधी खरवडून प्राइमर हवा. आखणीपासून प्राइमरपर्यंत हे काम आम्ही वेगळ्या दिवशी करून देतो, व्हीआर तासासोबत ठरवलं तर येण्या-जाण्याचा खर्च एकदाच पडतो.

तारीख मागताना खोलीचे दोन फोटो पाठवा : एक दारातून आणि एक खिडक्यांच्या बाजूचा, ज्या वेळी तास घ्यायचा त्याच वेळी काढलेला.