शाळेच्या गच्चीवर दुर्बीण कशी पोहोचली

महाराष्ट्रातल्या आधुनिक खगोल-अभ्यासाचा माग काढू लागलं की वाटेत शिक्षकच भेटत राहतात. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा १८९६ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित शिक्षकी पेशातले. नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असावा, असं गणित १९११ साली मांडणारे व्यंकटेश बापूजी केतकर हेही शाळेत शिकवायचे. या दोघांची भिस्त गणितावर होती. मोठी दुर्बीण आली ती एका प्राध्यापकाच्या चिकाटीमुळे.

कावसजी दादाभाई नायगमवाला मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात होते, तेव्हा १८८२ साली भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांनी त्यांच्या कामासाठी पाच हजार रुपये दिले. सरकारनेही तेवढीच भर घातली. पुढे ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले आणि १८८८ साली तिथे महाराजांच्या नावाने वेधशाळा उभी राहिली. तिच्यातली ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती, म्हणजे भिंगाऐवजी आरशाची, दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकला आणि सूर्याच्या प्रभामंडलाचे (ग्रहणात सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयाचे) वर्णपट, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून केलेल्या नोंदी, घेतले. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालच्या वेधशाळेत गेली.

या सगळ्या इतिहासात मला हीच घटना सर्वांत बोलकी वाटते. उपकरण अव्वल होतं, माणूसही अव्वल होता. पण सगळा डोलारा त्या एका माणसावर उभा होता. शाळांमध्ये आजही हेच घडताना दिसतं. हौशी विज्ञान-शिक्षकाची बदली झाली की दुर्बीण प्रयोगशाळेच्या कपाटात जाते.

पुण्यात पुढचं पाऊल पडलं ते लोकांच्या बळावर. २२ ऑगस्ट १९४४ रोजी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ही देशातली सर्वांत जुनी संस्था आजही काम करते आहे. मग १९५४ साली टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये कुसुमबाई मोतीचंद तारांगण सुरू झालं. देशातलं पहिलं तारांगण एका मराठी शाळेत उभं राहिलं, याचा अभिमान आपण पुरेसा बाळगत नाही. मुंबईचं नेहरू तारांगण त्यानंतर तेवीस वर्षांनी, १९७७ साली आलं.

तरीही लोकांच्या मनातली ग्रहणाची भीती सहजी गेली नाही. १६ फेब्रुवारी १९८०च्या सूर्यग्रहणात मुंबईचे रस्ते ओस पडले होते, माणसं दारं-खिडक्या लावून घरात बसली होती. २४ ऑक्टोबर १९९५ रोजी, ऐन दिवाळीत पुन्हा खग्रास ग्रहण आलं, तेव्हा लोक सौरचष्मे घेऊन घराबाहेर पडले आणि कितीतरी जण थेट उत्तरेत, खग्रास पट्ट्यात जाऊन पोहोचले. मधल्या पंधरा वर्षांत हॅलेचा धूमकेतू येऊन गेला होता. त्याच्या निमित्ताने १९८५ साली मुंबईत खगोल मंडळ सुरू झालं आणि वांगणीची रात्रभराची आकाशदर्शनं रुजली. वांगणीला जाणं सोपं, कारण कर्जतच्या लोकलने संध्याकाळी उतरायचं आणि सकाळी लोकलनेच परतायचं. गाडी नसलेल्या कुटुंबालाही हे परवडतं. कार्यक्रम अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी ठेवला की चंद्राचा उजेड आड येत नाही आणि मुलांची शाळाही बुडत नाही.

पुण्यात १९८८ साली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था स्थापन झाली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी तिथे शाळकरी मुलांसाठी दार उघडं ठेवलं. आयुकाच्या कार्यशाळांत शिक्षक-विद्यार्थी स्वतः दुर्बिणीचा आरसा घासायला शिकले. काचेच्या दोन तबकड्या एकमेकींवर, मध्ये कार्बोरंडम या कठीण पदार्थाची भुकटी आणि पाणी, आणि कितीतरी तासांचं घासणं. त्यातून वरच्या काचेला हळूहळू खोलगटपणा येतो. अशी दुर्बीण बिघडली तर मुलांना ती उघडायची भीती वाटत नाही. विकत आणलेल्या दुर्बिणीला सहसा कुणी हात लावत नाही.

आपल्याकडे हंगाम नोव्हेंबर ते मे. पावसाळ्यात आरशावर बुरशी धरते, म्हणून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून तो बंद ठेवावा लागतो. पण मोठी अडचण आता उजेडाची आहे. शहरातल्या शाळेच्या गच्चीवरून चंद्र, गुरूचे उपग्रह आणि शनीची कडी छान दिसतात. देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच दूरचा तारकासमूह, नीट दाखवायची तर मुलांना एसटीत बसवून गावाबाहेर न्यावं लागतं, आणि त्यासाठी एकट्या शिक्षकाला शाळेबाहेरची मंडळं आणि पालक सोबत लागतात.