ब्लूज सोलोच्या शैली कशा घडल्या: पार्श्वभूमी

टॅब म्हणजे गिटारची तार आणि फ्रेट (दांडीवरचा पडदा) आकड्यांनी दाखवणारं लेखन. टॅबमधून सोलोची, म्हणजे गिटारच्या एकट्या वादनाची तार कळते, फ्रेट कळतो. नाशिकमध्ये गिटार शिकणारी बरीच मुलं टॅबवरूनच ब्लूज बसवतात. सूर सगळे बरोबर येतात, तरी ऐकणाऱ्याला तो अमेरिकन ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग वाटत नाही. कारण या मोठ्या वादकांच्या शैली त्यांच्या हाताच्या अडचणींतून आणि समोरच्या यंत्रांच्या मर्यादांतून घडल्या, आणि ते टॅबमध्ये उतरत नाही.

पहिली मर्यादा तबकडीची. सुरुवातीच्या ब्लूजमधला गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनने १९३६ मध्ये सॅन अँटोनिओत आणि १९३७ मध्ये डॅलसमध्ये मिळून २९ गाणी ध्वनिमुद्रित केली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटं मावत. पुढेही बाजूला एकच गाणं असलेल्या तबकड्यांच्या काळात सोलोला मिळायचं ते बहुधा १२ बारचं (बार म्हणजे चार ठोक्यांचा गट) एकच आवर्तन. मिनिटाला ६० ठोक्यांच्या संथ लयीत ते ४८ सेकंदांत संपतं, तेवढ्यात म्हणणं मांडून समेवर यायचं. म्हणून जुने सोलो बसवताना चार सुरांचे सुटे तुकडे पाठ करू नयेत, पूर्ण आवर्तन एका दमात घ्यावं.

टी-बोन वॉकरने १९४७ मध्ये विजेच्या गिटारवर संथ ब्लूजचा जो नमुना घालून दिला, तो ऐकून बी. बी. किंग विजेच्या गिटारकडे वळला. त्याच्या आईचा नात्यातला भाऊ बुका व्हाइट तारेवर स्लाइड (बोटात घालायची नळी) घासून वाजवायचा. बी. बी.ला स्लाइड जमेना, म्हणून तो थरथराट त्याने बोटाने काढायला घेतला. त्याचा व्हायब्रेटो असा आला: पहिलं बोट तारेवर, बाकीची बोटं मोकळी, हालचाल मनगटाची. बोटाच्या पेरातून हलवलं तर थरथर बारीक आणि घाईची होते. तो गाताना सहसा गिटार वाजवत नसे. गाण्याची ओळ, मग गिटारची ओळ. ओळींमधली शांतता त्यातूनच आली, आणि नवशिके नेमकी तीच भरून टाकतात. ए, म्हणजे पेटीवरची पांढरी सहा धरली, तर त्याची आवडती जागा दुसऱ्या तारेच्या १०व्या फ्रेटवर. तिथे सा, १२व्यावर रे, आणि तो रे पूर्ण सूर खेचला की शुद्ध गंधार.

गंधाराकडे मात्र खास लक्ष द्यावं. ब्लूज सोलोत वापरल्या जाणाऱ्या मायनर पेंटाटॉनिक या पाच सुरांच्या सप्तकाचे सूर म्हणजे आपल्या धानी रागाचे: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. पण ब्लूजमधला गंधार कोमलपेक्षा किंचित चढा आणि शुद्धच्या खाली राहतो. तिसऱ्या तारेच्या ५व्या फ्रेटवरचा कोमल गंधार पाव सूर जमिनीच्या बाजूला ओढावा. ओढ जास्त झाली तर गोडवा येतो आणि ब्लूज हरवतो. स्वतःची स्वरलेखन पद्धत घडवणारे विष्णु दिगंबर पलुस्कर आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिकला राहिले. त्यांच्या परंपरेतही मींड गुरूसमोर बसूनच शिकली जाते. इथल्या मराठी कानाला ही जागा सापडायला फार वेळ लागू नये.

आणखी एक ब्लूज गिटारवादक आल्बर्ट किंग डावखुरा. उजव्या हाताची गिटार त्याने तारा न बदलता उलटी धरली, त्यामुळे बारीक तारा वर आल्या आणि तो त्या खाली ओढू लागला. शिवाय गिटार नेहमीपेक्षा बऱ्याच खालच्या सुरात लावलेली, म्हणून दीड-दोन सुरांच्या लांब ओढी निघत. सरळ गिटारवर तीच ओढ तीन बोटं एकत्र लावून वर ढकलून काढावी. एका बोटाने सूर अर्ध्यातच अडकतो.

१९६६ मध्ये लंडनच्या डेक्का स्टुडिओत जॉन मेयॉलच्या बँडसोबत वाजवताना एरिक क्लॅप्टनने लेस पॉल गिटार मार्शल अँपला (अँप्लिफायरला) जोडली आणि आवाज कमी करायला नकार दिला. लांबणारा, कडा फाटलेला सूर व्हॉल्व्ह अँपवर आलेल्या त्या ताणाचा आहे. फ्लॅटमध्ये तेवढा आवाज करता येत नाही, तेव्हा लहान अँप किंवा सॉफ्टवेअरमधला नमुना वापरावा. गेन (सूर फाटवणारा जोर) मात्र वाटतो त्यापेक्षा कमी ठेवावा, नाहीतर पिकचा जोर ऐकू येत नाही. स्टीव्ही रे व्हॉनची तऱ्हा वेगळी. पहिली तार ०.०१३ इंचाची, पण गिटार अर्धा सूर उतरवलेली. त्या तारा नेहमीच्या सुरात चढवल्या की मनगट दुखतं. १० नंबरचा (पहिली तार ०.०१० इंचाची) संच अर्धा सूर उतरवला तरी शिकण्यापुरतं भागतं.

सोलो कानाने ऐकून उतरवण्याची सोयही यंत्राचीच. ३३⅓ फेऱ्यांची तबकडी १६⅔ वर लावली की लय अर्धी होई आणि सूर बरोबर एक सप्तक खाली जाई. आता सॉफ्टवेअर सूर न हलवता लय उतरवतं. ५० टक्क्यांच्या खाली मात्र आवाज चिरतो, तेव्हा ७० पासून सुरू करावं. जुनी ध्वनिमुद्रणं आजच्या प्रमाण सुरात (ए म्हणजे ४४० हर्ट्झ) असतीलच असं नाही. प्रत्येक गाण्याला गिटार पुन्हा लावण्यापेक्षा फाइलचा सूर सरकवावा.

ध्वनिमुद्रणात गिटार इंटरफेसच्या (गिटार संगणकाला जोडणाऱ्या यंत्राच्या) ‘इन्स्ट्रुमेंट’ खाचेत लावावी, लाइनमध्ये लावली तर वरचे सूर मंद पडतात. सर्वात जोरात वाजवून पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान धरावी. ४८ किलोहर्ट्झवर १२८ नमुन्यांचा बफर (संगणक एका वेळी साठवतो तेवढा ध्वनी) सुमारे २.७ मिलिसेकंदांचा उशीर देतो. इंटरफेसचा येण्या-जाण्याचा उशीर धरूनही तो हाताला जाणवत नाही. अँपसमोर माइक असेल तर जाळीपासून तीनेक सेंटिमीटरवर, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेला रोखावा. मधोमध रोखला तर आवाज कर्कश येतो.

सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा पिकअप असलेल्या) गिटारमध्ये घुमणारी गुणगुण इथे ५० हर्ट्झची असते. जुन्या नाशकातल्या वाड्यांत अर्थिंग नसलेले बोर्ड अजून सापडतात. लॅपटॉपचा चार्जर काढून, पंख्याच्या रेग्युलेटरपासून दूर बसून आणि गिटारची दिशा थोडी फिरवून पाहावी. मुद्रणाची कोरी, इफेक्टविना प्रत वेगळी ठेवावी, म्हणजे अँपचा आवाज नंतर बदलता येतो.