अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा उगम

उत्तर व दक्षिण अमेरिका खंडांत युरोपीय पोहोचण्यापूर्वी हजारो वर्षे वस्ती करून असलेल्या लोकांचे पूर्वज कोठून, केव्हा व कोणत्या वाटेने आले, याविषयीच्या सिद्धांतांचा व पुराव्यांचा विचार या नोंदीत केला आहे. हे पूर्वज मुख्यतः ईशान्य आशियातून आले, याबद्दल अभ्यासकांत आता दुमत नाही. वाद आहे तो काळाचा आणि वाटेचा. उगमाचा प्रश्न येथे निव्वळ कुतूहलाचा कधीच राहिला नाही, कारण जमिनीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्याला पहिल्यापासून चिकटलेला होता.

बायबलमध्ये उल्लेख नसलेली ही माणसे आली कोठून, हे कोडे सोळाव्या शतकातील स्पॅनिश धर्मोपदेशकांना पडले. त्यांपैकी होसे दे आकोस्ता या जेझुइट पाद्र्याने १५९० मध्ये असे अनुमान मांडले की, उत्तरेकडे कोठेतरी दोन्ही भूखंड एकमेकांना जोडलेले किंवा अगदी जवळ असावेत आणि माणसे व जनावरे तेथूनच आली असावीत. आशिया व अमेरिका यांमधील बेरिंगची सामुद्रधुनी युरोपीयांना ठाऊक होण्याच्या कितीतरी आधीचा हा तर्क आहे. तरीही पुढची दोन-तीन शतके इस्राएलच्या हरवलेल्या दहा जमातींपासून बुडालेल्या अटलांटिसपर्यंत नाना कल्पनांना वाव मिळत राहिला. ओहायो व मिसिसिपी नद्यांच्या खोऱ्यांतील मातीचे प्रचंड उंचवटे तेथल्या जमातींनी उभारलेले नसून एखाद्या नष्ट झालेल्या ‘सुधारलेल्या’ वंशाचे आहेत, ही समजूत एकोणिसाव्या शतकात विशेष लोकप्रिय होती. याच शतकात, १८३० च्या कायद्याने, जमातींना मिसिसिपीच्या पलीकडे हाकलले जात होते. ज्यांना उठवायचे तेही मूळचे नव्हेतच, असे म्हणण्याची सोय या समजुतीने झाली. सायरस टॉमस यांच्या १८९४ च्या अहवालाने हे उंचवटे आजच्या जमातींच्या पूर्वजांचेच असल्याचे सप्रमाण दाखवले आणि निदान विद्वानांपुरता तो वाद मिटला.

त्यानंतर वाद उरला काळाचा. आलेश हर्डलिच्का यांच्यासारखे वजनदार मानववंशशास्त्रज्ञ ही वस्ती काही हजार वर्षांपलीकडे नेण्यास तयार नव्हते. त्यांना उत्तर मिळाले ते न्यू मेक्सिकोतील फॉलसम गावाजवळच्या एका ओढ्यात. १९०८ च्या पुराने ओढ्याचा काठ खचल्यावर जॉर्ज मॅकजंकिन या कृष्णवर्णीय मुकादमाला तेथे मोठमोठी हाडे दिसली. गुलामगिरीत जन्मलेल्या या माणसाने त्यांचे महत्त्व ओळखून इतरांना सांगितलेही. पण उत्खनन सुरू झाले ते त्याच्या मृत्यूनंतर, १९२६ मध्ये. पुढल्या वर्षी हिमयुगातील, आता नामशेष झालेल्या बायसन जातीच्या रानबैलाच्या दोन फासळ्यांमध्ये दगडी भाल्याचे पाते सापडले. उत्खनकांनी ते न हलवता जागच्या जागी ठेवले आणि तारा पाठवून इतर तज्ज्ञांना ते प्रत्यक्ष पाहण्यास बोलावले. हिमयुगाच्या अखेरीस अमेरिकेत माणूस होता, हे त्यानंतर नाकारता येईना.

त्याच राज्यात क्लोव्हिस गावाजवळ याहून जुनी, बुंध्याशी पन्हळ काढलेली पाती मिळाली. त्यांचा काळ सुमारे १३,००० वर्षांपूर्वीचा ठरल्यावर ‘क्लोव्हिस लोक पहिले’ हा सिद्धांत रूढ झाला. हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली असल्याने सायबीरिया व अलास्का यांमध्ये बेरिंजिया हा विस्तीर्ण भूप्रदेश उघडा होता. तो ओलांडून आलेले शिकारी कॅनडावरील दोन हिमस्तरांमध्ये पडलेल्या फटीतून दक्षिणेस उतरले, असे हा सिद्धांत सांगतो. चिलीतील मोंते व्हेर्दे येथे टॉम डिलेहे यांनी सुमारे १४,५०० वर्षांपूर्वीची वस्ती असल्याचे प्रतिपादन केले आणि १९९७ च्या तज्ज्ञभेटीनंतर बहुतेकांनी ते स्वीकारले. इतक्या पूर्वी ही हिमफट वापरण्याजोगी झालेली होती का, असा प्रश्न उभा राहिला. त्यामुळे प्रशांत महासागराच्या किनाऱ्याने, होड्यांतून व समुद्री अन्नावर गुजराण करीत लोक आले, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. त्याची अडचण अशी की तो किनाराच आता बऱ्याच ठिकाणी पाण्याखाली आहे.

न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे कोरड्या सरोवराच्या काठी गाडल्या गेलेल्या मानवी पाऊलखुणा २३,००० ते २१,००० वर्षांपूर्वीच्या असल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. त्यांपैकी पुष्कळशा मुलांच्या व किशोरांच्या आहेत. कालमापन पाणवनस्पतींच्या बियांवरून केलेले असल्यामुळे, भूजलातील जुना कार्बन शोषला जाऊन वय फुगले असेल, हा आक्षेप रास्त होता. २०२३ मध्ये त्याच थरांतील सूचिपर्णी वृक्षांचे परागकण व क्वार्ट्‌झचे कण तपासल्यावर काळ जवळपास तोच आला. आक्षेपक अद्याप आहेत, परंतु पुराव्याचे पारडे जुन्या काळाकडे झुकले आहे.

जनुकीय संशोधनाने चित्र गुंतागुंतीचे केले. सायबीरियातील माल्टा येथील सुमारे २४,००० वर्षांपूर्वीच्या बालकाच्या डीएनएवरून असे दिसले की, अमेरिकी मूळ रहिवाशांच्या वारशाचा मोठा हिस्सा पूर्व आशियाई असला, तरी जवळपास तिसरा हिस्सा या उत्तर युरेशियाई लोकांशी नाते सांगतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील सुरुई व कारितियाना या जमातींत तर ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि आपल्या अंदमानातील ओंगी लोकांशी जुळणारा अगदी अल्प अंश २०१५ मध्ये आढळला; तो तेथवर कसा पोहोचला, याचा समाधानकारक उलगडा झालेला नाही. हिमयुगीन फ्रान्स-स्पेनमधून अटलांटिकच्या बर्फाकडेने लोक आले, या सोल्युट्रियन सिद्धांताला मात्र डीएनएचा आधार मिळालेला नाही.

१९९६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी सापडलेल्या, सुमारे ८,५०० वर्षांपूर्वीच्या ‘केनेविक मानवा’चा सांगाडा उमाटिला, याकामा आदी जमातींनी आपला पूर्वज म्हणून दफनासाठी मागितला. कवटीच्या ठेवणीवरून तो युरोपीय वळणाचा असल्याची चर्चा वृत्तपत्रांत रंगली आणि २००४ मध्ये न्यायालयाने, अभ्यासासाठी तो मागणाऱ्या संशोधकांच्या बाजूने निकाल दिला. २०१५ मध्ये डीएनए तपासल्यावर तो आजच्या मूळ अमेरिकनांनाच सर्वांत जवळचा ठरला. २०१७ मध्ये जमातींनी त्याचे दफन केले. कवटीच्या मापांवरून वंश ठरविण्याची जुनी पद्धत किती भुसभुशीत आहे, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

अनेक जमातींच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज बाहेरून आलेच नाहीत; होपी लोक आपण खालच्या जगातून या जगात वर आलो असे मानतात. व्हाइन डेलोरिया यांच्यासारख्या मूळ अमेरिकी विचारवंतांनी बेरिंजियाच्या सिद्धांतावर कडाडून टीका केली, कारण ‘तुम्हीही स्थलांतरितच’ या युक्तिवादासाठी तो वारंवार वापरला गेला. जमातींचा अविश्वास अनाठायी नव्हता: ॲरिझोनातील हवासुपाई लोकांनी मधुमेहाच्या संशोधनासाठी दिलेले रक्ताचे नमुने त्यांच्या संमतीवाचून स्थलांतराच्या अभ्यासासाठीही वापरले गेले आणि संबंधित विद्यापीठाला २०१० मध्ये तडजोड करून भरपाई द्यावी लागली. नवाहो राष्ट्राने २००२ मध्येच आपल्या क्षेत्रात जनुकीय संशोधनाला मनाई केली होती. त्यामुळे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जमातींचे नमुने फारच थोडे उपलब्ध आहेत आणि जनुकीय निष्कर्षांचा बराचसा भार मध्य व दक्षिण अमेरिकेतील नमुन्यांवर पडतो.