राणीला ऑगस्टपर्यंत फुलं हवीत

‘मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल’ हे आइनस्टाइनच्या नावावर खपवलेलं वाक्य पुन्हा पुन्हा फिरत असतं. त्यांनी ते म्हटल्याचा काहीही पुरावा नाही. पाठोपाठ उपायही सुचवला जातो, मधाच्या पेट्या ठेवा. पण जगातल्या मधमाश्या आणि त्यांच्या भाऊबंद रानमाश्यांच्या 20,000 हून अधिक जातींपैकी पेटीत पाळता येणाऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्यांचं काय?

इंग्लंडमध्ये केंटच्या किनाऱ्यावर डंजनेस आहे. बम्बलबी म्हणजे मधमाशीची गुबगुबीत, केसाळ रानटी बहीण. तिची आखूड केसांची जात तिथे 1988 मध्ये शेवटची दिसली आणि 2000 मध्ये देशातून नष्ट झाल्याचं जाहीर झालं. 1930च्या दशकानंतर ब्रिटनमधली सुमारे 97 टक्के फुलांची कुरणं गेली. रासायनिक नत्र मिळू लागल्यावर जमिनीला नत्र देणारं लाल क्लोव्हर, आपल्या बरसीमचं भावंड, कुणी पेरेना. सुक्या वैरणीऐवजी मुरघास, म्हणजे आंबवून साठवलेला हिरवा चारा, आला आणि गवत फुलायच्या आतच कापलं जाऊ लागलं.

बम्बलबीचा संसार एका हंगामाचा असतो. हिवाळाभर जमिनीत निजलेली राणी एकटीच बाहेर येते, उंदराचं सोडलेलं बीळ शोधते, अंडी घालते आणि स्वतःच्या अंगाच्या उबेने उबवते. पहिल्या कामकरी माश्या निघेपर्यंत मकरंद आणि परागही तिनेच आणायचे. महिनोन्‌महिने पुरेल इतका मध ती साठवत नाही, घरात असतो तो काही दिवसांपुरता. आणि नव्या राण्या जन्मतात हंगामाच्या अगदी शेवटी! म्हणजे जूनमध्ये कुरण बहरलं आणि जुलैत सरसकट कापलं, तर कामकरी कितीही झालेल्या असोत, पुढच्या वर्षासाठी राणीच उरत नाही. म्हणून किती हेक्टरवर फुलांचं बी टाकलं हा आकडा मला अपुरा वाटतो. घरट्यापासून उडून जाता येईल एवढ्या अंतरात एकही आठवडा फुलांवाचून जात नाही ना, हे मोजायला हवं.

डंजनेस आणि रॉमनी मार्शच्या परिसरातल्या शेतकऱ्यांनी शेताच्या कडांना क्लोव्हर आणि रानफुलं पुन्हा वाढवली. 2012 मध्ये स्वीडनमधून त्याच आखूड केसांच्या जातीच्या सुमारे 50 राण्या आणून सोडण्यात आल्या. पुढच्या वर्षी कामकरी माश्या दिसल्या, पण जात तिथे रुजली नाही. तरीही हा प्रयोग फसला असं मला म्हणवत नाही. कारण तिथे वर्षानुवर्षं न दिसलेल्या इतर दुर्मीळ बम्बलबी, ज्या कुणी आणून सोडल्या नव्हत्या, त्या फुलांवर आपणहून परतल्या.