पडद्यापलीकडचा पत्ता

पुढच्या सहा पत्त्यांपैकी एक मनात धरा: बदाम राजा, इस्पिक राणी, चौकट गुलाम, किलवर राजा, बदाम राणी, इस्पिक गुलाम. धरलात? त्याचं नाव मनातल्या मनात दोनदा घ्या, म्हणजे पक्कं बसेल. आता परत वर बघू नका. तुमच्या मनातला पत्ता मी काढून घेतला आहे. उरलेले पाच असे: इस्पिक राजा, बदाम गुलाम, चौकट राणी, किलवर गुलाम, चौकट राजा.

तुमचा पत्ता त्यात नाही. मी हे लिहून कधीच मोकळा झालो आहे, तुम्ही कोण, कुठे बसून वाचताय, कुठला पत्ता धरलात, यातलं मला काही ठाऊक नाही. तरीही पत्ता बरोब्बर गेला. आता खुशाल वर जा आणि दोन्ही याद्या ताडून बघा. पहिल्या यादीतला एकही पत्ता दुसऱ्या यादीत नाही. गेले ते सहाच्या सहा गेले; शोधत मात्र तुम्ही एकालाच होतात.

या प्रयोगाची मूळ कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, हेन्री हार्डिन नावाच्या जादूगाराची. त्याला तो हातानं करावा लागे. इंटरनेट आलं आणि हाताची गरजच संपली. सहा चित्रं, मग पाच चित्रं, एवढ्यावर तो ईमेलमधून जगभर फिरला. राजा, राणी आणि गुलामच का घ्यायचे, हे उघड आहे. चित्राचे पत्ते एकमेकांसारखे दिसतात. सहांत एखादी दुर्री किंवा सत्ती टाकली, तर तिची गैरहजेरी चटकन डोळ्यांत भरते.

आपल्याला वाटतं, समोरचं सगळं दृश्य आपण टिपून ठेवतो. प्रत्यक्षात मेंदू लक्ष दिलेल्या वस्तूंचा तपशील सांभाळतो आणि बाकीच्याची नुसती ढोबळ नोंद ठेवतो, ‘पाच-सहा रंगीत चित्रं होती’ इतपत. १९९७ मध्ये रोनाल्ड रेन्सिंक आणि सहकाऱ्यांनी हे साध्या रीतीनं दाखवलं. दोन जवळजवळ सारखी छायाचित्रं, मध्ये क्षणभर कोरा पडदा, पुन्हा पुन्हा आलटून पालटून. विमानाचं अख्खं इंजिन एका चित्रात आहे आणि दुसऱ्यात नाही, तरी ते सापडायला लोकांना बराच वेळ लागायचा. दुसऱ्याच वर्षी डॅनियल सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन यांनी चित्रांऐवजी माणसं बदलली. विद्यापीठाच्या आवारात एक जण वाटसरूला रस्ता विचारतो. बोलणं चालू असताना दोन माणसं मधून एक दार उचलून नेतात. दाराच्या आडोशानं प्रश्न विचारणाराच बदलतो. १५ वाटसरूंपैकी ८ जण नव्या माणसाला तसाच पुढचा रस्ता सांगत राहिले.

मला यातला सर्वांत विलक्षण वाटतो तो स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातला २००५ चा प्रयोग. पीटर योहानसन आणि लार्स हॉल यांनी लोकांना दोन चेहऱ्यांतला अधिक आवडता चेहरा निवडायला लावला. मग पत्तेवाल्या जादूगाराची हातचलाखी वापरून न निवडलेलाच फोटो त्यांच्या हाती दिला आणि विचारलं, हाच का आवडला? बहुतेकांना अदलाबदल कळली नाही. वर त्यांनी कारणंही सांगितली!

सहा पत्त्यांचा प्रयोग मित्रांवर करायचा असेल तर एक पथ्य पाळा. तो एका वेळी एकालाच पाठवा. गटात टाकलात की एक जण लिहिणार, ‘माझी बदाम राणी गेली’, लगेच दुसरा लिहिणार, ‘अरे, माझाही पत्ता गेला की, आणि मी तर राजा धरला होता’. संपलं.

ऑनलाइन जादूची मुख्य अडचण इथेच दिसते. समोरासमोर बसलं की जादूगाराचा निम्मा कारभार हातानं चालतो. जय ओल्सन आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला होता. जादूगार पत्त्यांचा कॅट फर्रकन सोडत जातो आणि एक पत्ता अंमळ जास्त वेळ दिसेल अशी सोय करतो. ‘कुठलाही मनात धरा’ म्हटल्यावर १०० हून अधिक लोकांपैकी ९८ टक्के लोकांनी नेमका तोच धरला, आणि निवड आपली स्वतःची आहे अशी जवळजवळ सगळ्यांची खात्री होती. हाच डाव संगणकाच्या पडद्यावर खेळला तेव्हा यश पुष्कळच उतरलं. हात गेला की दाबही सैल होतो. पत्ते न दाखवता नुसतं ‘कुठल्याही पत्त्याचं नाव घे’ म्हटलं तर थोडाफार अंदाज बांधता येतो. अशा वेळी निम्म्याहून अधिक लोक इस्पिक एक्का आणि बदामाचे राणी, एक्का, राजा या चारांतच घुटमळतात. पण चारांतला कुठला, हे कळत नाही, आणि अंदाज चुकला की मनकवडेपण गेलं.

म्हणून ऑनलाइन जादूसाठी दुसरा रस्ता चांगला. पत्ते मित्राच्याच हातात राहू द्यायचे. त्यानं ते पिसावेत, काटावेत, उलटसुलट करावेत. आणि त्याच्या कुठल्याही लहरीनं बिघडणार नाही असं काहीतरी आत दडवून ठेवायचं. ‘असं काहीतरी’ पुरवण्यात गणिताइतकं भरवशाचं कोणी नाही.

बॉब हमर नावाच्या अमेरिकी जादूगारानं १९४० च्या दशकात शोधलेल्या युक्तीवर बेतलेला एक छोटा प्रयोग आहे. पर्सी डायकोनिस आणि रॉन ग्रॅहम या गणितज्ञांना तो इतका आवडला की जादूमागच्या गणितावरच्या त्यांच्या पुस्तकाची सुरुवातच त्यांनी त्यानं केली. (हे डायकोनिस चौदाव्या वर्षी घर सोडून एका नामवंत जादूगाराबरोबर हिंडायला गेले आणि पुढे स्टॅनफर्डला संख्याशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेव्हा आवडीचं नवल नाही.)

व्हिडिओ कॉलवर मित्राला सांगा: कुठलेही चार पत्ते घे आणि पालथे एकावर एक ठेव. सगळ्यांत खालचा गुपचूप बघ, तो तुझा. आता वरचा पत्ता काढून तळाला घाल. नंतर जो वर आला, तो जागच्या जागी उताणा कर. इथपासून मला काही दाखवू नकोस, कॅमेरा बंद केलास तरी चालेल. हवा तिथे काट. मग वरचे दोन पत्ते एकत्र धरून, दोघांना मिळून एकदम पालटून परत वर ठेव. पुन्हा काट, पुन्हा दोन पालट. तुझं समाधान होईपर्यंत चालू दे. झालं? आता वरचा पत्ता पालटून तळाला घाल. पुढचा न पालटता तसाच तळाला घाल. त्यानंतर जो वर येईल तो पालटून वरच ठेव. पत्ते पसर. तीन एका बाजूनं आहेत आणि एकटाच उलट आहे ना? तोच तुझा.

चार पत्ते घेऊन आत्ताच करून बघण्यासारखं आहे. पत्ते नसतील तर एका बाजूला खूण केलेल्या चार चिठ्ठ्याही चालतात. मित्रानं किती वेळा काटलं, किती वेळा पालटलं, हे जादूगाराला शेवटपर्यंत माहीत नसतं आणि माहीत असण्याची गरजही नसते.

कारण असं. प्रत्येक पत्त्याच्या दोन गोष्टी बघा: वरून मोजता तो विषम जागी (१ किंवा ३) आहे की सम जागी (२ किंवा ४), आणि उताणा आहे की पालथा. विषम जागचा उताणा आणि सम जागचा पालथा, यांना एका पक्षाचे म्हणू. विषम जागचा पालथा आणि सम जागचा उताणा हे दुसऱ्या पक्षाचे. सुरुवातीची मांडणी झाल्यावर पहिल्या जागी उताणा पत्ता असतो, दुसऱ्या आणि चौथ्या जागी पालथे. हे तिघं एका पक्षात पडले. तिसऱ्या जागी मित्राचा पालथा पत्ता. तो एकटा दुसऱ्या पक्षात.

आता वरचे दोन मिळून पालटले की काय होतं? पहिला दुसऱ्या जागी जातो, दुसरा पहिल्या. म्हणजे दोघांची सम-विषम जागा बदलते. त्याच वेळी दोघांची तोंडंही फिरतात. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्यामुळे दोघंही आपापल्या पक्षातच राहतात. काटल्यावर? एक पत्ता वरून तळाला गेला की सगळे एकेक जागा सरकतात, आणि पहिला चौथ्या जागी जातो. चौघांच्याही जागांची सम-विषमता बदलली, म्हणजे चौघांनी मिळून पक्ष बदलला. तीन विरुद्ध एक हा हिशेब जसाच्या तसा. शेवटच्या सूचनांचा घोळ वाटतो तेवढा घोळ नाही. त्यांतून पहिल्या आणि तिसऱ्या, म्हणजे फक्त विषम जागच्या पत्त्यांची तोंडं फिरतात. तेवढ्यानं एका पक्षाचे सगळे एकसारखे होतात आणि दुसऱ्याचा उलट, त्यामुळे इतका वेळ लपलेला पक्ष उघड्यावर येतो.

पाच पत्ते घेतले तर हे मोडतं, कारण काटताना पहिला पत्ता पाचव्या जागी जातो आणि विषमचा विषमच राहतो. चार काय, सहा किंवा आठ पत्त्यांतही पक्षांचं राजकारण असंच टिकतं. फसण्याची खरी जागा वेगळीच आहे. ‘दोन पालट’ म्हटलं की काही जण एकेक पत्ता सुटा पालटून ठेवतात. मग तोंडं फिरतात पण जागा तशाच राहतात, आणि दोघं पक्ष सोडतात. तेव्हा ‘दोन्ही चिकटलेत असं समज’ हे वाक्य आठवणीनं बोलावं.

आतापर्यंतच्या दोन्ही प्रयोगांत मित्राच्या मनातली माहिती जादूगारापर्यंत पोचतच नाही. पहिल्यात ती लागत नाही, दुसऱ्यात पत्ते स्वतःच बोलतात. ती खरोखर पोचत असेल तर कुठल्या ना कुठल्या वाटेनं यावी लागते, आणि वाट शोधणं हे वैज्ञानिकाचं काम. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी मनोवाचन तपासण्यासाठी २५ पत्त्यांचा खास जोड वापरला: वर्तुळ, अधिक, लाटा, चौकोन, तारा, प्रत्येकी पाच. नुसत्या नशिबानं सरासरी पाच बरोबर यायला हवेत. काही लोकांचे त्याहून बरेच जास्त येत होते. पुढे लक्षात आलं की छापून विकलेल्या काही पत्त्यांवरच्या खुणा विशिष्ट उजेडात पाठीमागून पुसट दिसतात.

वाट मुद्दाम बांधायची असेल तर मात्र विल्यम फिच चेनी या गणिताच्या प्राध्यापकाची युक्ती घ्यावी. १९५० मध्ये ती छापून आली, पण वाटते जणू चॅटसाठीच केलेली. तुमचा एक साथीदार गटात आधीच सामील असतो. तुम्ही बाहेर असताना मित्र त्याला कुठलेही पाच पत्ते सांगतात. साथीदार त्यांतले चार तुम्हाला लिहून पाठवतो, बाकी अवाक्षर नाही, आणि तुम्ही पाचवा ओळखता.

रंग चार आणि पत्ते पाच, म्हणजे निदान दोन एकाच रंगाचे असणारच. त्यांतला एक लपवायचा आणि दुसरा यादीत पहिला लिहायचा. रंग कळला. एक्का ते राजा असे १३ पत्ते गोल मांडले तर कुठल्याही दोघांतल्या एकापासून दुसऱ्यापर्यंत पुढे मोजत ६ किंवा त्याहून कमी घरांत पोचता येतं. कोणापासून ते साधतं हे बघून कोणाला लपवायचं ते ठरतं. उरलेल्या तीन पत्त्यांना लहान, मधला, मोठा म्हणा. ते लिहिण्याचे क्रम नेमके ६, म्हणून प्रत्येक क्रमाला एकेक आकडा द्यायचा: लहान-मधला-मोठा म्हणजे १, लहान-मोठा-मधला २, मधला-लहान-मोठा ३, मधला-मोठा-लहान ४, मोठा-लहान-मधला ५, मोठा-मधला-लहान ६. दोन पत्ते सारख्याच अंकाचे असले तर रंगांची चढती भाजणी आधी ठरवून ठेवलेली असते.

समजा मित्रांनी बदाम दुर्री, बदाम नव्वी, चौकट पंजी, किलवर गुलाम, इस्पिक राणी हे पाच निवडले. दुर्रीपासून नव्वी ७ घरं. पण नव्वीपासून दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का, दुर्री असं मोजलं तर ६. म्हणून दुर्री लपवायची. साथीदार पाठवतो: बदाम नव्वी, इस्पिक राणी, किलवर गुलाम, चौकट पंजी. मोठा-मधला-लहान, म्हणजे ६. नव्वीपुढे सहा: बदाम दुर्री.

चार पत्त्यांचे क्रम २४ आणि उरलेले पत्ते ४८, तेव्हा नुसत्या क्रमानं हे जमायला नको. राहिलेली तूट भरून निघते ती कुठला पत्ता लपवायचा हे साथीदाराच्या हाती असल्यामुळे. गणितज्ञांनी ही मुभा पुरेपूर पिळून काढली आहे. पाच पत्त्यांचे लिहिता येतील असे निरोप ५ गुणिले २४, म्हणजे १२०. त्यात दाखवलेले चार मिळवले की १२४. इतक्या पत्त्यांच्या जोडापर्यंत युक्ती चालवता येते, त्यापुढे एकही नाही. अर्थात तेव्हा वरची सोपी रीत पुरत नाही, बरंच किचकट गणित मांडावं लागतं. ५२ पत्त्यांसाठीसुद्धा साथीदाराला दोन-चार दिवस सराव हवा, कारण मित्रांनी पाच पत्ते सांगितल्यापासून पहिला पत्ता लिहीपर्यंत तो जितका रेंगाळेल, तितका त्याच्यावर संशय येणार. तेवढा वेळ बाकीच्यांना बोलतं ठेवायचं कामही त्यालाच करावं लागतं. तुम्ही तर बाहेर असता.